मॅट बांधीपर्यंत आणा : नागपूर विद्यापीठाच्या कुलगुरूंना आमगावहून खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू,
राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर



आमगाव हे गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुक्याचे गाव. हावडा-मुंबई लोहमार्गावर गोंदियाच्या पुढे आमगाव, मग सालेकसा, दरेकसा, आणि तिथून छत्तीसगड सुरू होते. आपल्या विद्यापीठाची हद्दही इथेच संपते. नागपूर इथून दीडशेच्या आसपास किलोमीटर. कॉलेजात असताना मी कबड्डी खेळलो आणि आता संध्याकाळी गावातल्या पोरापोरींना शिकवतो. त्या अधिकाराने आपल्याकडे एक मागणे मांडतो आहे : विद्यापीठाच्या क्रीडा कार्यक्रमाचे एक केंद्र या टोकाला उभारा. हे मागणे का करतो, ते सांगण्यासाठी आधी एका परक्या खेळाची गोष्ट सांगावी लागेल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना तिथे मंजुरी मिळाली. आपल्याकडे चर्चा झाली ती क्रिकेटची. त्याच यादीत लॅक्रॉस होता. टोकाला जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलायचा, जाळीतच खेळवत धावायचे आणि गोलात मारायचा, असा हा खेळ. १९०४ आणि १९०८ साली तो ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळला गेला होता. त्यानंतर पदकतालिकेत तो परत येतो आहे तो थेट २०२८ मध्ये, आणि त्या परतीचा निर्णय महाराष्ट्राच्या भूमीवर झाला.

मधला एवढा काळ हा खेळ जगला, वाढला तो मुख्यतः अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मैदानांवर. म्हणून त्याचा इतिहास कोणत्याही कुलगुरूंनी वाचावा असा आहे.

लॅक्रॉस मुळात उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. हौडेनोसॉनी राष्ट्रसंघातले ओनोंडागा, मोहॉक असे समाज तो शतकानुशतके खेळत आले. त्यांच्या लेखी ही निर्मात्याने दिलेली देणगी. गावात कोणी आजारी पडले तर त्याला बरे वाटावे म्हणूनही हा खेळ मांडला जाई. १८६७ साली मॉन्ट्रियलचे दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यांनी त्याचे नियम छापले, खेळाडूंची संख्या ठरवली, मैदानाला मापे दिली. पुढच्या दहा वर्षांत तो विद्यापीठांत पोचला. १८७७ साली न्यूयॉर्क विद्यापीठ आणि मॅनहॅटन कॉलेज यांच्यात अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८८३ पासून खेळू लागले आणि १९२८ व १९३२ च्या ऑलिंपिकमधल्या प्रदर्शनीय सामन्यांत अमेरिकेचा संघ म्हणून याच विद्यापीठाचा संघ उतरला. एका विद्यापीठाचा संघ देशाचा संघ होतो, याहून मोठी कमाई क्रीडा विभागाने काय करावी!

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १८८० मध्ये कॅनडातल्या लॅक्रॉस संघटनेने फक्त हौशी खेळाडूंना परवानगी देणारा नियम केला. मूळ रहिवासी खेळाडू प्रवासाच्या खर्चासाठी पैसे घेत, म्हणून ते धंदेवाईक ठरले आणि आपल्याच खेळाच्या मोठ्या स्पर्धांतून बाहेर फेकले गेले. खेळ ज्यांचा, त्यांनाच दार बंद. हा अन्याय दुरुस्त व्हायला शंभर वर्षे लागली. १९८३ मध्ये हौडेनोसॉनींनी स्वतःचा राष्ट्रीय संघ उभा केला. पुढे त्याला जागतिक मान्यता मिळाली आणि २०१४, २०१८, २०२३ अशा लागोपाठ तीन जागतिक स्पर्धांत पुरुषांच्या या संघाने कांस्यपदक मिळवले. मोठमोठ्या देशांना मागे टाकणारा हा संघ काही हजार वस्तीच्या गावांमधून येतो.

ज्या विद्यापीठांनी दार उघडले त्यांचे काय झाले, हे त्याहून महत्त्वाचे. न्यूयॉर्क राज्यातले सिराक्यूज विद्यापीठ ओनोंडागांच्या भूमीजवळच आहे. तिथे १९१६ मध्ये वनशास्त्राचे एक प्राध्यापक लॉरी कॉक्स यांनी संघ सुरू केला. १९५७ साली हा संघ पूर्ण हंगामात एकही सामना हरला नाही. त्या संघात पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये अजरामर झालेले जिम ब्राऊन होते आणि गोलात उभे होते ओरेन लायन्स, ओनोंडागा समाजाचे सुपुत्र. हौडेनोसॉनींचा राष्ट्रीय संघ उभा करणाऱ्यांत हेच लायन्स पुढे अग्रभागी होते. विद्यापीठाने एका खेळाडूला गोलात उभे केले आणि त्या खेळाडूने आपल्या समाजाचा संघ जगासमोर उभा केला. अल्बनी विद्यापीठाने थॉम्पसन बंधूंना घेतले. २०१४ मध्ये लाईल आणि माईल्स या दोघा ओनोंडागा भावांना देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार एकत्र मिळाला. तोपर्यंत हा मान एकाही मूळ रहिवासी खेळाडूला मिळालेला नव्हता.

सिराक्यूजच्या यशाचे दुसरे कारण साधे आहे. तिथे १९३१ ते १९७० रॉय सिमन्स आणि १९७१ ते १९९८ त्यांचे चिरंजीव यांनी संघ सांभाळला. बापलेकांची मिळून जवळजवळ सात दशकांची मार्गदर्शकी. त्यांच्या काळातले पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले ते १९८३ साली, म्हणजे या घराण्याने संघ हाती घेतल्यावर बावन्न वर्षांनी. तोवर विद्यापीठाने धीर सोडला नाही.

आता आपल्याकडे वळतो. कबड्डीचा प्रवास याच वाटेने झाला आहे. महाराष्ट्रात हुतूतू म्हणून गावोगाव खेळल्या जाणाऱ्या या खेळाला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सातारा, पुणे, बडोदा इथल्या व्यायामशाळांनी नियमांची चौकट दिली. विदर्भाचा वाटा तर अभिमानाने सांगावा असा. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेले आणि आपले देशी खेळ व व्यायामप्रकार जगाला दाखवून आले. १९३८ मध्ये कोलकात्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत कबड्डी आली, १९५० मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. आणि १९६१ साली आंतरविद्यापीठ क्रीडा मंडळाने कबड्डीला आपल्या खेळांत घेतले.

या १९६१ ला मी सर्वांत मोठे वळण मानतो. तोवर कबड्डी खेळणारा पोरगा शेतावरून यायचा आणि शेतावरच परत जायचा. विद्यापीठाने त्याच्यापुढे शिडी लावली. कॉलेजचा संघ, आंतरमहाविद्यालयीन सामने, विद्यापीठाचा कलर, पश्चिम विभाग, अखिल भारतीय स्पर्धा, आणि त्या प्रमाणपत्राच्या जोरावर पोलीस, रेल्वे किंवा बँकेतली नोकरी. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला तेव्हा ती शिडी जवळजवळ तीन दशके जुनी झाली होती. खो-खोनेही अशीच मजल मारली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला दोन्ही संघांनी तो जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे.

शिडी भक्कम आहे. तिचा खालचा पाय मात्र आमच्या गावांत टेकलेला असला पाहिजे, आणि माझे मागणे तेवढ्यासाठीच आहे.

दिवाळी झाली, धान घरात आले की झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. रात्री नाटक, दंडार, आणि गावाच्या कडेला कबड्डीचे सामने. त्यासाठी मैदान कसे तयार होते, हे आपण एकदा येऊन पाहावे. कापणी झालेली धानाची एखादी बांधी निवडतात. धानाचे खुंट कुदळीने खरवडून काढतात. भेगाळलेल्या जमिनीवर माती टाकतात, पाणी मारतात, धुम्मसाने ठोकतात, पुन्हा पाणी मारतात. दोन दिवसांत जमीन ओट्यासारखी घट्ट होते. मग दोरी धरून फक्कीने रेषा पाडतात : मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा, दोन्ही बाजूंची राखीव क्षेत्रे. धुऱ्यावर तणस पसरून प्रेक्षक बसतात. बांबूला हॅलोजन बांधतात. आणि आठ-आठ, दहा-दहा गावांचे संघ अनवाणी पायांनी पहाटेपर्यंत खेळतात.

त्या उजेडात मी असे डावे कोपरारक्षक पाहिले आहेत की चढाईपटूने बोनससाठी पाय टाकला रे टाकला, चवडा हातात. सोडवून घेणे नाही. कोणी शिकवलेले नसते. बैलांच्या मागे चिखलात चालून, रोवणीच्या दिवसांत दिवसभर वाकून, डोक्यावर धानाचे भारे वाहून ती कंबर आणि त्या मांड्या तयार झालेल्या असतात. मुलींचे सामनेही आता होतात, आणि आईबाप पुढच्या रांगेत बसून ओरडतात.

आता यातली एखादी मुलगी घ्या. सालेकसा तालुक्यातल्या जंगलकाठच्या गावची, घरात गोंडी बोलणारी, आमगावच्या कॉलेजात बी.ए.ला शिकणारी. विद्यापीठाची निवड चाचणी नागपूरला असली तर तिला आदल्या दिवशी निघावे लागणार. मुक्काम कुठे, सोबत कोण, भाडे किती, हे प्रश्न घरात आधी येतात. खेळ मागे पडतो. तरीही ती गेली असे धरू. समोर मॅट असते. मातीवर तिच्या पायाचे बोट जमीन धरते, अंगठा रुतवून ती वळते. मॅटवर बूट घालावे लागतात आणि बूट चिकटतो. मातीवर सरकत घेतलेली चवड्याची पकड मॅटवर अर्ध्यात अडते, ढोपर सोलते. मॅटची सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि चाचणीत हातात येतात काही मिनिटे. ती बाद होते. निवड समितीने पाहिले ते खरेच असते, पण तिच्यात जे होते ते कोणाला दिसलेच नाही. लॅक्रॉसमधला १८८० चा तो नियम कागदावर लिहिलेला होता. इथे कोणी काही लिहिलेले नाही, कोणाच्या मनात वाईट नाही; अंतर आणि साधनांचा अभाव एवढेच ते काम करून जातात.

म्हणून चार गोष्टी मागतो.

पहिली. आमगाव, सालेकसा, देवरी, गोरेगाव, सडक अर्जुनी या पट्ट्यातल्या महाविद्यालयांसाठी विद्यापीठाचे एक सामाईक क्रीडा केंद्र करा. ते आमगावातच हवे असा माझा हट्ट नाही. या पट्ट्यातल्या पोरांना सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतता यावे, एवढे पुरे. तिथे कबड्डीचे एक पूर्ण मॅट बारमाही अंथरलेले असावे, बूट केंद्राचे असावेत, आणि चाचणीची पहिली फेरी तिथेच व्हावी. वेळापत्रक आखताना हलक्या आणि भारी धानाच्या कापणीचे दिवस समोर ठेवावेत. त्या दिवसांत आमची पोरे बांधीत असतात आणि त्यांच्या मजुरीवर घराचे वर्ष अवलंबून असते.

दुसरी. या केंद्राला पूर्णवेळ मार्गदर्शक द्या आणि तो टिकू द्या. स्पर्धेच्या तोंडावर पंधरा दिवसांचे शिबिर घेऊन संघ घडत नाही. सिमन्स पितापुत्रांइतकी वर्षे मागत नाही, पण एका पोराचे पदवीचे पूर्ण शिक्षण होईपर्यंत तोच माणूस त्याच्या डोक्यावर हात ठेवून असावा, एवढी हमी हवी. मार्गदर्शक बाई असतील तर आणखी चांगले. मुलींना पाठवताना घरची माणसे तेवढी निर्धास्त होतील.

तिसरी. विद्यापीठाच्या खेळाचा इतिहास जिल्ह्याजिल्ह्यातून गोळा करा. आपले विद्यापीठ १९२३ चे. एके काळी जवळजवळ सगळा मध्य प्रांत त्याच्या छत्राखाली होता. १९८३ मध्ये अमरावती वेगळे झाले, २०११ मध्ये गोंडवाना. या शंभर वर्षांत कोणत्या गावचा कोण कोणत्या खेळात विद्यापीठाकडून खेळला, याची नावनिशीवार नोंद प्रत्येक महाविद्यालयात विद्यार्थ्यांना वाचायला मिळाली पाहिजे. अमेरिकेतली विद्यापीठे दीडशे वर्षांपूर्वीच्या सामन्याचे गोल सांगतात, संघाचे फोटो भिंतीवर लावतात. नवा खेळाडू त्या भिंतीसमोरून रोज मैदानावर जातो आणि आपण कोणाच्या मागे उभे आहोत हे त्याला कळते. हे काम इतिहास विभागाचे विद्यार्थी आणि क्रीडा विभाग यांनी मिळून करावे. जुने कलर होल्डर अजून गावांत आहेत, त्यांच्या पेटीत प्रमाणपत्रे आहेत, स्मरण ताजे आहे. या कामात उशीर परवडणारा नाही, कारण ही पिढी वयाच्या उताराला लागली आहे.

चौथी. लॅक्रॉसचा एक प्रायोगिक संघ सुरू करा, आणि तो या टोकापासून सुरू करा. ऑलिंपिकमध्ये खेळला जाणार आहे तो सहा-सहा खेळाडूंचा प्रकार. मैदान ७० मीटर लांब, ३६ मीटर रुंद. हॉकीच्या मैदानात आरामात मावते. आठ मिनिटांचे चार डाव, आणि चेंडू हाती आल्यावर तीस सेकंदांत गोलावर मारा. कबड्डीच्या चढाईलाही तीसच सेकंद असतात. तेवढ्या वेळात निर्णय घेण्याची सवय आमच्या पोरांच्या अंगात मुरलेली आहे. नव्या खेळाचा मोठा फायदा असा की सगळे एकाच रेषेवरून सुटतात. क्रिकेट किंवा टेनिसमध्ये शहरातला मुलगा सहाव्या वर्षी अकादमीत जातो आणि आमचा अठराव्या वर्षी कॉलेजात पहिल्यांदा बॅट धरतो. लॅक्रॉसची काठी मात्र नागपूरच्या आणि दरेकशाच्या मुलाच्या हातात एकाच दिवशी येईल. मग पळणारे पाय कोणाचे, हे मैदान ठरवेल.

खर्चाचा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. सुरुवातीला लागतील काही डझन काठ्या, चेंडू, दोन गोल, हेल्मेट, हातमोजे आणि गोलरक्षकाचे संरक्षक साहित्य. मॅट एकदाच घ्यायचे आहे आणि ते पाच तालुक्यांत वाटून वापरायचे आहे. जागा महाविद्यालयांकडे आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार आलेल्या नव्या अभ्यासक्रमात खेळाला श्रेयांक आहेत, त्यामुळे विद्यार्थ्याचा मैदानावरचा वेळ आता पदवीत मोजला जातो. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ दिले आहे. म्हणजे निर्णय घेणारी यंत्रणा आहे, नियम आहेत. हवा आहे तो प्राधान्यक्रम.

‘आधी नागपुरातल्या सोयी पूर्ण करू, मग टोकाकडे पाहू’ असा सल्ला आपल्याला मिळेल. त्याला माझा विरोध आहे. ज्या मातीत खेळाडू आयता उगवतो तिथे केलेला खर्च सर्वांत लवकर फळतो. सिराक्यूजला शेजारच्या ओनोंडागांकडे पाहिल्यावर हे उमगले. आपल्या शेजारी गोंड, हलबा, पोवार, कुणबी, महार, ढिवर अशा सगळ्या समाजांची, उन्हातान्हात घडलेली पिढी उभी आहे.

आमच्या बाजूनेही मी शब्द देतो. केंद्र झाले तर मैदान तयार करायला, रोज फक्की मारायला, बाहेरगावच्या पोरींना चाचणीच्या दिवशी घरी ठेवून घ्यायला गावे पुढे येतील. मंडईच्या सामन्यांसाठी जे गाव वर्गणी काढते, ते विद्यापीठाच्या केंद्रासाठी हात आखडता घेणार नाही. संस्कृत नाटककार भवभूतीच्या नावाने महाविद्यालय चालवणारे हे गाव आहे. शिक्षणासाठी झिजायची सवय इथल्या माणसांना जुनी आहे.

आपल्या विद्यापीठाला २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव दिले गेले. महाराजांनी आयुष्यभर गाव हेच आपले कार्यक्षेत्र मानले, गावातल्या तरुणाने शरीर कमवावे असे ते कळकळीने सांगत. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाने खेळाची पहिली पायरी गावात बांधावी, यात वेगळे काही मागितले असे मला वाटत नाही.

येत्या शैक्षणिक वर्षाचे क्रीडा अंदाजपत्रक तयार होईल तेव्हा या चारांपैकी किमान पहिल्या मागणीसाठी तरतूद करावी आणि तिचा निर्णय जाहीर करावा, ही विनंती. मंडळाच्या सदस्यांना घेऊन मंडईच्या दिवसांत एकदा आमगावला या. सामने पाहा, मुलींशी बोला, आणि केंद्र कुठे हवे ते इथेच उभे राहून ठरवा.

आपला नम्र,
आमगावचा एक माजी महाविद्यालयीन कबड्डीपटू